रेशन लगेच मिळालं, मुलीची शाळा होळीनंतर

दिवाळी आटोपून आम्ही धडगावहून रावेर तालुक्यात केळीच्या कामाला आलो. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. बाहेरगावच्या मजुराला सरकारच्या ज्या सोयी मिळतात, त्या या सहा महिन्यांत आम्ही वापरल्या. त्याचा हा अनुभव.

सगळ्यात भरवशाचं निघालं रेशन. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे कार्ड गावचं असलं तरी धान्य कुठल्याही दुकानातून उचलता येतं. महाराष्ट्र-गुजरातमध्ये हे ऑगस्ट २०१९ पासून सुरू आहे, म्हणून ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जाणाऱ्या आमच्या भावकीलाही ते माहीत होतं. अडचण अंगठ्याची. घड कापताना केळीचा चीक बोटांवर काळा बसतो आणि मशीन ओळखत नाही. दोनदा रिकामा परतलो, मग बायकोच्या अंगठ्यावर धान्य निघालं.

कार्डावर पाच नावं, माणशी ५ किलो म्हणजे २५. पहिल्या महिन्यात सगळं इथेच उचललं आणि तिकडे आई दुकानावरून रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. ते मनाला फार लागलं. ‘चौघांचे २० किलोच काढा, ५ गावी राहू द्या’ असं दुकानदाराला आधी सांगावं लागतं. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. आता आईचं आईला मिळतं.

धाकटा दोन वर्षांचा. त्याचं लसीचं कार्ड सोबत होतं, त्यामुळे डोस चुकला नाही. अंगणवाडीची पाकिटं मात्र गावच्या ताईंनी मोबाईलवर स्थलांतराची नोंद केल्यावरच सुरू झाली.

मुलगी तिसरीत. इथल्या शाळेने दाखला मागितला. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. चार महिने पोर मळ्यात भावाला सांभाळत बसली. होळीला गावी गेलो तेव्हा गावच्या गुरुजींनी शिक्षण हमी कार्ड दिलं; कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांच्या मुलांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून ते असतं. ते दाखवल्यावर दुसऱ्याच दिवशी ती वर्गात बसली. घरी आम्ही पावरी बोलतो, इथल्या पोरी लेवा बोलीत बोलतात, म्हणून पंधरा दिवस ती गप्पच होती. मग बाईंनी तिच्याकडून सगळ्या वर्गाला पावरीत दहापर्यंत आकडे म्हणून घेतले. त्या दिवशी घरी येऊन ती झोपेपर्यंत बोलत होती.

गुरुजींना फोन करून सांगितलंय, दिवाळीनंतर पाड्यावरून जी घरं निघतील, त्यांच्या पोरांची कार्डं आधीच करून ठेवा.