सेचेनी, बुडापेस्ट: थंडीतला गरम हौद

1913 पासून चालू असलेलं हे पिवळं स्नानगृह थंडीतच गाठावं. बाहेरच्या तीन हौदांपैकी 38 अंशांच्या हौदात गळ्यापर्यंत बसा. डोक्यावर वाफ आणि छातीभर पाण्यात बुद्धिबळ मांडून बसलेले आजोबा. मधल्या, पोहण्याच्या हौदात टोपीशिवाय प्रवेश नाही. टोपी, टॉवेल, चपला सोबतच न्या. तिथे घ्याल तर विद्यार्थ्याच्या खिशाला चाट. चौघं असाल तर केबिन (कपडे बदलायची खासगी खोली) कशाला, लॉकरचं तिकीट पुरे. मनगटावरचा पट्टा हीच किल्ली. शनिवार-रविवारी दर चढे, गर्दीही, तेव्हा सकाळी लवकर जा. एम-1 मेट्रो जवळच सोडते. कागदी तिकिटावर मात्र आधी यंत्रात शिक्का उमटवा, नाहीतर तपासनीस दंड लावतात. आतले हौद जरा कोंदटच.