डंजन्स अँड ड्रॅगन्समधली जहाजं: काही महिन्यांच्या वापरानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीतले जहाजांचे आकडे पणजीतल्या आमच्या टेबलावर पावसाळाभर वापरले. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधून (खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) माणसं आणि माल घेतला, २०१९ च्या घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्शमधून (समुद्री साहसांचं पुस्तक) लांबी-रुंदी. लांबी-रुंदी विश्वास ठेवण्यासारखी आहे. माणसं, माल आणि वेग मात्र आहेत तसे वापरू नका.

लाँगशिप, म्हणजे वायकिंगांचं लांबट वल्ह्यांचं जहाज, घ्या. माप ७० बाय २० फूट. नॉर्वेत सापडलेलं गोक्स्टाड जहाज सुमारे ७६ फूट लांब, १७ फूट रुंद आणि दोन्ही बाजूंना सोळा-सोळा वल्ही. इथवर सगळं पटतं. पण तक्ता त्यावर ४० खलाशी आणि वर १५० प्रवासी चढवतो! नाळ आणि मागची बाजू निमुळती होते हे धरलं, तर हजारेक चौरस फूट जागा उरते. म्हणजे माणशी जेमतेम पाच. गोव्यात फळ्या दोरीने शिवून बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य साधारण ६५ फुटांचं आहे, आणि त्यावर पंधराएक माणसं जातात. पाण्याचा हिशेब तर त्याहून वाईट. माणशी रोज ४ लिटर पाणी आणि १ किलो शिधा धरला, तर १९० माणसांना दिवसाला ९५० किलो लागतं. मालाची क्षमता १० टन. म्हणजे दहा दिवसांत तळ रिकामा, आणि तोवर लुटीला जागाच नाही. आम्ही कमाल ७० माणसं ठरवली आणि लांब सफरीला ४०.

कीलबोटीची (नदीतली उथळ मालवाहू होडी) चूक उलट्या दिशेची. ६० बाय २० फुटांची होडी आणि माल फक्त अर्धा टन. जुनं इंग्रजी टनेजचं, म्हणजे जहाजात किती माल मावेल याचं, सूत्र इथे कामाला येतं: लांबीतून रुंदीचा तीन-पंचमांश वजा करा, त्याला रुंदीने गुणा, मग रुंदीच्या निम्म्याने गुणा आणि ९४ ने भागा. भारताच्या वाटेवरचं पोर्तुगीज जहाज माद्रे दे देउस इंग्रजांनी १५९२ मध्ये पकडलं. ते १६५ फूट लांब आणि सुमारे ४७ फूट रुंद होतं. सूत्राने १,६०० टन येतात, आणि त्याची ख्यातीही तेवढीच होती. कीलबोटीला हेच सूत्र १०२ टन देतं. सूत्र खोली रुंदीच्या निम्मी धरतं, म्हणून उथळ होडीला ते जास्त उदार होतं. आम्ही पाचवा हिस्सा घेतला: २० टन. १०० बाय २० फुटांच्या शिडाच्या जहाजाला १८७ टन येतात, तेव्हा तक्त्यातले १०० टन ठीकच आहेत.

गॅलीचं (मुख्यतः वल्ह्यांवर चालणारं लांब जहाज) १३० बाय २० फूट हे माप व्हेनिसच्या युद्धगॅलीशी जुळतं, फक्त तिथे एकटे वल्हेकरीच दीडशेच्या आसपास असत. तक्त्यात सगळे मिळून ८०. शिवाय ताशी ४ मैल म्हणून दिवसाला ९६ मैल. चोवीस तास वल्ही कोण मारणार? आमचा नियम: वल्ह्यावर आठ तास, म्हणजे ३२ मैल, आणि वल्हेकऱ्यांना पाणी दुप्पट. बाकी वेळ वारा असेल तरच शीड.

शिडाच्या जहाजाचा वेग २०१४ मध्ये ताशी २ मैल होता, २०१९ मध्ये ५ झाला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी. रोज सकाळी एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाका: १ ला वारा पडलेला, २ ला समोरचा, ३-४ ला ताशी २ मैल, ५-६ ला ५. समोरच्या वाऱ्यात दिवसाला दहा मैलही पुष्कळ.

हिट पॉइंट (जहाज एकूण किती मार सोसतं) आणि डॅमेज थ्रेशोल्ड (त्याहून कमी मार लागतच नाही) तसेच ठेवा. बाणाने जहाज बुडत नाही, हे त्यामुळे सांभाळलं जातं.

सर्वात जास्त खटकतं ते नसलेलं एक माप: जहाज किती फूट पाण्यात बुडतं. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात मोठी जहाजं तिथून हटून मुरगावच्या बंदरात जात. आमच्या तक्त्यात आता लाँगशिपला ३ फूट, गॅलीला ५, शिडाच्या जहाजाला १० असा रकाना आहे. आता नदीत शिरून पळणाऱ्या लाँगशिपमागे शिडाचं जहाज घालण्याआधी खेळाडू भरती-ओहोटी विचारतात.