पंखा नसलेला सर्व्हर, नऊ महिन्यांनंतर

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात राऊटर सोप्यात आहे, आणि आबाही तिथंच झोपतात. घरचे फोटो, पिक्चर ठेवायला जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर (कायम चालू राहणारा कॉम्प्युटर) केला तर पहिल्याच रात्री आबा म्हणाले, "गिरणीगत काय घुमतंय ते? बंद कर आधी." तिथून पंख्याशिवायचं मशीन शोधायला लागलो.

ऑफिसातनं मोडीत निघालेला डेल वाईज ५०७० (ऑफिसात वापरतात तो छोटा डबा-कॉम्प्युटर) मिळाला, ८ जीबी रॅमसकट ४,८०० रुपयांना. प्रोसेसर सेलेरॉन जे४१०५, चार कोर, आत पंखाच नाही. घेणाऱ्यानं एवढं बघावं, की एसएसडी (आतली डिस्क) साटा जातीचीच लागते. मी हौसेनं जास्त वेगाची एनव्हीएमई जातीची आणली, चालली नाही, दुकानदाराची बोलणी खाऊन बदलून आणली. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), घरात फाईली वाटून घ्यायला साम्बा, पिक्चर बघायला जेलीफिन आणि घरच्या फोटोंसाठी इमिच. आमचं कनेक्शन सीजीनॅटमागं (बऱ्याच घरांना मिळून एकच इंटरनेट पत्ता, बाहेरून थेट घरात पोचता येत नाही), म्हणून बाहेरून बघायला टेलस्केल, म्हणजे आपल्या मशीनांना खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. हे सगळं एका रविवारात झालं.

वीज डिस्क धरून सरासरी ८ वॅट, म्हणजे महिन्याला पावणेसहा युनिट. डेस्कटॉप ५५ वॅट ओढायचा, तो चाळिसाच्या घरात जायचा. लाईट गेली की मशीन रीस्टार्ट व्हायचं. इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएस मोडवर केल्यावर ते थांबलं.

पण पंखा गेला आणि यूएसबी हार्ड डिस्कची टकटक ऐकू यायला लागली. सागवानी कपाटावर ठेवलेली, कपाटच ढोलकीसारखं वाजायचं. जुन्या स्लिपरचे चार तुकडे कापून खाली घातले (रबरी स्लिपर, कोल्हापुरी नव्हे), तेव्हा कुठं शांत झालं.

मे महिन्यात आईनं धूळ बसू नये म्हणून मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला. संध्याकाळी बघतो तर प्रोसेसर ८८ अंशांवर. रुमाल काढून मशीन उभं ठेवलं, वीस मिनिटांत ६१ वर आलं. रुमाल आता टीव्हीवर असतो.

माझी खरी तक्रार त्या शांततेबद्दलच आहे. ऑगस्टमध्ये डिस्कची केबल सैल झाली आणि लिनक्सनं डिस्क नुसती वाचण्यापुरती ठेवली. जुने फोटो दिसत होते, पिक्चर चालत होते. नवं काही चढत नव्हतं. तब्बल १९ दिवस कुणाला पत्ता नाही. इचलकरंजीहून बहिणीचा फोन आला, "दादा, पंचमीचे फोटो टाकलेले, दिसंनात की!" नशीब, तिच्या मोबाईलमध्ये ते होते. त्याच आठवड्यात बॅकअपसाठी दुसरी डिस्क घेतली, ती आठवड्यातून एकदाच जोडतो.

आणि रोज रात्री दहाला सर्व्हर टेलिग्रामवर निरोप धाडतो: फाईल लिहून बघितली, जागा एवढी उरली, तापमान इतकं. निरोप आला नाही की उठून बघायचं. गेल्या बुधवारी आला नाही. आबांनी मोबाईल चार्जिंगला लावायला त्याचाच प्लग काढला होता.