व्हिटबी जेटचा जुना ब्रोच: घेण्याआधी उलटा करून बघा

प्रिन्स अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारले, राणी व्हिक्टोरियाने पुढे मरेपर्यंत काळेच कपडे वापरले, आणि इंग्लंडमध्ये शोकाच्या दागिन्यांना जोरदार मागणी आली. नवरा गेल्यावर बाईने वर्ष आणि वर एक दिवस बिनचमकीच्या काळ्या क्रेप कापडात राहायचं, असा रिवाज होता. त्या काळात सोनं-हिरे वर्ज्य, जेट मात्र चालायचं. यॉर्कशरमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणारं जेट म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं, गाडलं जाऊन कोळशासारखं झालेलं लाकूड. हलकं, हाताला कोमट लागणारं, आणि कोरायला उत्तम.

ऑनलाइन लिलावात ‘व्हिक्टोरियन जेट’ म्हणून येणारा बराच माल मात्र जेट नसतो. ‘फ्रेंच जेट’ हे तर सरळ काळी काच. (आपल्या मंगळसूत्रातले काळे मणीही काचेचेच, तिथे तो रंग सौभाग्याचा, इथे वैधव्याचा.) काच ओळखणं सोपं: ओठाला लावली की गार लागते, वजनाला जड असते, पैलूंच्या कडा धारदार असतात.

खरी फसगत व्हल्कनाइट करतो. हे गंधक घालून कडक केलेलं रबर, जेटइतकंच हलकं आणि कोमट. चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीवर घासलं तर जेटची रेघ तपकिरी उमटते, पण व्हल्कनाइटचीही तशीच. म्हणजे ही प्रसिद्ध चाचणी फक्त काच बाजूला काढते. त्यापेक्षा ब्रोच उलटा करा. व्हल्कनाइट उजेडाने विटून तपकिरी पडतो, त्यामुळे पुढची बाजू शेवाळी-तपकिरी आणि पिनेखालची जागा काळी दिसली तर ओळख पटली. अंगठ्याने जोरात चोळल्यावर गंधकाचा वास येतो. नक्षी साच्यातली असल्याने कडा गुळगुळीत असतात. जेटवर भिंगाखाली पात्याच्या खुणा दिसतात. तापलेली सुई टोचायचा सल्ला देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, वस्तूला कायमचं भोक पडतं.

द्राक्षांचे घड कोरलेल्या ब्रोचला ‘शोकाचा’ म्हणून जादा पैसे देऊ नयेत. जेट फॅशन म्हणूनही वापरात होतं. मागे केसांची बट ठेवायचा काचेचा कप्पा किंवा ‘स्मरणार्थ’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी.

पहिली खरेदी साखळीची नको. जेट वाकत नाही, म्हणून कड्या कापून, एकमेकींत अडकवून डिंकाने चिकटवलेल्या असतात, आणि तुटतात त्या याच सांध्यांवर. गरम पाणी किंवा स्पिरिट लावलं की जुना डिंक सुटतो. कोरड्या मऊ कापडाने पुसावं, नक्षीत बाळाचा ब्रश फिरवावा, आणि चांदीच्या दागिन्यांपासून वेगळं, कापसात ठेवावं. धातूचा ओरखडा जेटवर लगेच उठतो.