जामोवीवर दोन सत्रं काढल्यानंतर: फुकट आहे, पण उलट्या प्रश्नांवर डोळा ठेवा

विभागातलं एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं, नूतनीकरणाची फाईल अडकली आणि औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्राच्या एमएचे प्रबंध जामोवीवर आले. जामोवी हेही तसलंच सॉफ्टवेअर; ते ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेवर चालतं, फुकट आहे, एसपीएसएसची फाईल सरळ उघडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन या नेहमीच्या विश्लेषणांत तक्रारीला जागा नाही. तक्रार एकच आहे, आणि ती मोठी आहे: रिव्हर्स आयटम, म्हणजे प्रश्नावलीतली उलट्या अर्थाची विधानं.

आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांत पॉल स्पेक्टर यांची १९८५ची जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे ही नोकरीतलं समाधान मोजणारी प्रश्नावली असते, कारण शैक्षणिक कामाला ती फुकट वापरता येते. ३६ विधानं, ९ पैलू, प्रत्येकी ४ विधानं, उत्तर १ ते ६. त्यातली १९ विधानं उलटी आहेत, म्हणजे सहमत असणारा माणूस नाखूश असतो. जामोवीत फॅक्टरच्या मेनूत रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस उघडा. खाली ‘रिव्हर्स स्केल्ड आयटम्स’ची चौकट दिसते. उलटी विधानं तिकडे सरकवली की अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, झटकन सुधारतो आणि विद्यार्थी खूश होतो. इथेच घात होतो. ती चौकट फक्त अल्फाच्या गणितापुरती असते. डेटाचे मूळ कॉलम जसेच्या तसे राहतात. पुढे त्याच कॉलमांची बेरीज करून स्कोअर काढला की तो चुकतो, आणि कुठेही लाल अक्षर उमटत नाही.

किती चुकतो ते पगाराच्या पैलूवर बघा. विधानं १, १०, १९ आणि २८. त्यातली १० आणि १९ उलटी. पगारावर पूर्ण खूश असलेला माणूस ६, १, १, ६ लिहितो, बेरीज १४. पूर्ण वैतागलेला १, ६, ६, १ लिहितो, त्याचीही बेरीज १४! खरे आकडे २४ आणि ४. सगळा फरक मधल्यामध्ये पुसला जातो, प्रमाण विचलन आक्रसतं आणि पगाराचा कशाशीच सहसंबंध निघत नाही. मग चर्चेच्या प्रकरणात ‘गोव्यातल्या कर्मचाऱ्यांना पगारापेक्षा कामाचं समाधान महत्त्वाचं’ असं काहीतरी ठोकून दिलं जातं. उलट पदोन्नतीच्या पैलूत फक्त २ नंबरचं आणि कामाच्या स्वरूपात फक्त ८ नंबरचं विधान उलटं आहे. तिथे चूक अर्धवट लपते, म्हणून ती जास्त वाईट.

अल्फाच्या तक्त्याखाली जामोवी बारीक अक्षरात टीप देतं की अमुक आयटम एकूण स्केलशी ऋण सहसंबंध दाखवतो, बहुधा उलटवायला हवा. पण दोन सुलट, दोन उलट अशा पैलूत ही टीप भलत्याच विधानाकडेही बोट दाखवू शकते. यादी प्रश्नावलीच्या स्कोअरिंगच्या कागदावरून घ्यायची, टिपेवरून नाही.

पहिल्या सत्राअखेर जामोवीला पाचपैकी दोनच तारे दिले असते. ट्रान्सफॉर्म ही कॉलमातले आकडे सूत्राने बदलायची सोय नीट हाताळल्यावर मत बदललं. १९ कॉलमांची शीर्षकं कंट्रोल दाबून एकत्र निवडायची, डेटाच्या टॅबमध्ये ट्रान्सफॉर्म, नवा ट्रान्सफॉर्म तयार करायचा, नाव ‘उलट’, आणि सूत्रात ७ वजा सोर्स (सोर्सच्या आधी डॉलरचं चिन्ह). मेजर टाइप कंटिन्युअस. एका झटक्यात १९ नवे कॉलम, मूळ आकडे शाबूत. सूत्र पुढे बदललं तर सगळे कॉलम आपोआप बदलतात. एसपीएसएसमधल्या रीकोडच्या (आकडे बदलायच्या) खिडक्यांपेक्षा हे सरस आहे, हे आता मान्य. सूत्रातला आकडा मात्र स्केलप्रमाणे बदला: १ ते ६ला ७, १ ते ५ला ६, १ ते ७ला ८. शून्यापासून ६पर्यंतच्या स्केललाही ६च लागतो, तिथे बरेच जण ७ घालतात. आणि उलटवलेले कॉलम अल्फासाठी पुन्हा त्या चौकटीत टाकू नका, दोनदा उलटं म्हणजे परत सुलट.

कामात माणूस किती रमतो ते मोजणाऱ्या उट्रेक्ट वर्क एंगेजमेंट स्केलच्या ९ विधानांच्या आवृत्तीत हा त्रासच नाही, सगळी सुलटी, ० ते ६. बर्नआउटसाठी (कामाने येणाऱ्या थकव्यासाठी) मॅस्लॅकच्या प्रश्नावलीचा परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगनची बर्नआउट प्रश्नावली फुकट आहे, त्यात एकच विधान उलटं. पैसे वाचवा.

दुसरी गोम कोऱ्या जागांची. गोव्यात कळंगूट-कांदोळीच्या हॉटेलांत हाउसकीपिंगला किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून आलेली माणसं असतात. सवलती आणि पदोन्नतीची विधानं ती सरळ कोरी सोडतात, कारण त्यांना ना सवलत ना बढती. जामोवीचं मीन हे सरासरीचं फंक्शन एक उत्तर जरी कोरं असलं तरी अख्खा स्कोअर कोरा ठेवतं. १२० जणांचा नमुना रिग्रेशनमध्ये ८०वर आला की कारण इथे शोधा. सूत्रात इग्नोर मिसिंग १ करा आणि मिन व्हॅलिडला ३ द्या, म्हणजे चारातली तीन उत्तरं असली तरच स्कोअर येईल. त्याला ४ने गुणलं की बेरजेचा स्कोअर मिळतो. पण कोरं सोडणारे बहुतेक कंत्राटीच निघाले तर ती माहिती आहे, घाण नव्हे. कायम आणि कंत्राटी असा कॉलम आधीच ठेवा. पर्यटनाचा हंगाम आणि पावसाळा यांचाही ठेवा: डिसेंबरातला थकवा आणि जुलैतला थकवा एकाच सरासरीत घालणं बरोबर नाही.

गुगल फॉर्ममधून मराठी उत्तरं आली असतील तर एक्सेलमध्ये साध्या सीएसव्हीत सेव्ह करू नका, अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८ असलेला पर्याय घ्या, किंवा एक्सेलचीच फाईल जामोवीत उघडा. ‘पूर्णपणे सहमत’ वगैरे मजकुराचे आकडे आधीच करून घ्या. कोंकणी अनुवाद देवनागरीत केला तर गोव्यातल्या सासष्टीतली रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, कोंकणी वाचणारी माणसं अडखळतात. त्यांच्यासाठी रोमी प्रत लागतेच. भाषेचा कॉलम ठेवून प्रत्येक भाषेचा अल्फा वेगळा काढा. उलट्या विधानांत ‘नाही’ आणि त्यावर ‘असहमत’ असं दुहेरी नकाराचं लोढणं आलं की मराठी प्रतीचा अल्फा आधी घसरतो.

मीडिएशनला (एका गोष्टीचा परिणाम मधल्या दुसऱ्या गोष्टीमार्फत होतो का, हे बघायला) जामोवीचं मेडमॉड हे जोड-मॉड्यूल पुरतं. बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाज तपासणं) मात्र आपण निवडायचा, आपोआप येत नाही. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) ‘प्रोसेसचं कितवं मॉडेल?’ हा प्रश्न ठरलेला. प्रोसेस हे एसपीएसएसमधलं याच कामाचं साधन, त्यात मॉडेलांना नंबर आहेत: साधं मीडिएशन ४, मॉडरेशन (तिसऱ्या गोष्टीमुळे परिणाम कमी-जास्त होणं) १. दोन्ही एकत्र असलेलं मॉडरेटेड मीडिएशन, म्हणजे ७ वगैरे, मेडमॉडमध्ये नाही, त्यासाठी जॅम हे वेगळं मॉड्यूल घाला. नमुन्याचा आकार जी-पॉवर या सॉफ्टवेअरमध्ये काढा: ०.३०चा सहसंबंध ८० टक्के पॉवरने (म्हणजे तो खरोखर असेल तर सापडायची शक्यता ८० टक्के) पकडायला सुमारे ८५ माणसं लागतात.

तारे आता चार. एक कापला तो त्या चौकटीसाठी: खाली एका ओळीत ‘हे फक्त अल्फासाठी’ लिहायला काय जातं? गाईडकडे तक्ते पाठवण्याआधी ओएमव्ही, म्हणजे जामोवीची स्वतःची फाईल द्या. आत डेटा, सूत्रं, निकाल सगळं असतं, आणि पगाराच्या स्कोअरची सरासरी १४च्या आसपास चिकटलेली दिसली तर सूत्र लगेच उघडून बघता येतं.