मेरीलँडची फिस्कल नोट : सर्व्हिस फुकट, काम चोख (5 पैकी 4.5 स्टार)

मी रिटायर्ड लेखापाल आहे, 31 वर्षं इंदूरजवळच्या एका नगरपालिकेच्या लेखा शाखेत गेली, आता लोकमान्य नगरला असतो. भाचा अमेरिकेत मेरीलँडच्या एका काउंटीच्या बजेट ऑफिसात आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण तिचं सरकार लोकांनी निवडून दिलेलं, आणि शाळांना पैसा, पोलीस, रस्ते असं बरंच तिच्या अंगावर. जानेवारीत त्याचा फोन आला की मामा आमच्या विधानसभेचं सेशन सुरू झालंय, आता 90 दिवस मला वेळ नाही. मी म्हटलं विधानसभा बसली तर बसू दे की, तुझं काय अडलंय त्यात, तर त्याने एक पीडीएफ पाठवली आणि म्हणाला हे वाचा म्हणजे कळेल.

मोबाईलवर एवढं बारीक दिसत नाही म्हणून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि व्हरांड्यात बसून वाचली, दोनदा वाचली खरं तर. हिचं नाव फिस्कल अँड पॉलिसी नोट. तिथल्या विधानसभेचं स्वतःचं एक खातं आहे, डिपार्टमेंट ऑफ लेजिस्लेटिव्ह सर्व्हिसेस, पक्षाबिक्षाशी संबंध नाही, ते बिलाबरोबर ही नोट काढतात. वर थोडक्यात बिल काय आहे ते, मग स्टेट इफेक्ट म्हणजे राज्याच्या तिजोरीवर येत्या 5 वर्षांत काय पडणार त्याचा तक्ता, आणि त्याच्या खाली वेगळ्या मथळ्यात लोकल इफेक्ट. काउंटी आणि शहरांच्या खिशातून काय जाणार ते इथे येतं, आणि खर्च बळजबरीने गळ्यात पडत असेल तर ठळक अक्षरात सरळ लिहितात की हे बिल स्थानिक शासनावर मॅन्डेट, म्हणजे सक्तीचं काम, लादतं. शेवटी माहिती कोणाकोणाकडून घेतली त्यांची नावं, त्यात काउंट्यांचीसुद्धा. म्हणजे मतदान व्हायच्या आधी काउंटीला विचारलं जातं की बाबा तुला हे कितीला पडेल. माझा भाचा ते 90 दिवस हेच करतो, प्रश्न आला की बसून आकडा काढायचा आणि पाठवायचा.

ती ठळक ओळ वाचून मी प्रिंट खाली ठेवली आणि जरा वेळ तसाच बसलो. कारण आमच्याकडे 1976 ला मध्यप्रदेशात चुंगी म्हणजे जकात बंद झाली, नाके उठले, बदल्यात सरकारने चुंगी क्षतिपूर्ती म्हणजे तिची भरपाई द्यायची असं ठरलं, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या लहान पालिकांचा पगार त्या एका रकमेवर चालतो. ज्या महिन्यात वीजबिलाची थकबाकी वरच कापून उरलेलं खात्यात यायचं त्या महिन्यात सफाईवाल्या बाया लेखा शाखेच्या दाराशी उभ्या राहायच्या, बाबूजी आज तरी होईल का, आणि मी रजिस्टरकडे बघत राहायचो, त्यांच्याकडे बघायची हिंमत नसायची. मग 2016 ला घनकचऱ्याचे नवे नियम आले, ओला सुका वेगळा घ्या, प्रक्रिया करा, लँडफिल करा, सगळं योग्यच, पण आमच्याकडे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यातली एक गॅरेजात, आणि अध्यक्ष विचारतायत की हे खर्चाच्या कुठल्या सदरात टाकायचं. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 कामं मोजून लिहिली, पैसा मात्र राज्याच्या मर्जीवर राहिला. आपल्या बिलाबरोबर वित्तीय ज्ञापन म्हणजे खर्चाची टीप असते, पण त्यात संचित निधीतून म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून काय जाणार तेवढंच, नगरपालिकेच्या रोकडवहीसाठी त्यात रकाना नाही.

दिल्लीसारखं त्यांचं वॉशिंग्टन, तिथल्या सीबीओची, म्हणजे त्यांच्या संसदेच्या बजेट ऑफिसची (काँग्रेशनल बजेट ऑफिस) सर्व्हिसही बघितली. 1995 च्या अनफंडेड मॅन्डेट्स (पैसा न देता लादलेली कामं) कायद्यामुळे त्यांनाही राज्य आणि स्थानिक सरकारांवरचा बोजा तपासावा लागतो, पहिल्याच पानाच्या चौकटीत मॅन्डेट आहे की नाही ते लिहिलेलं असतं. चांगलंच आहे, पण मोठी गळती अशी की अनुदानाला जोडलेल्या अटी बहुतेक वेळा मॅन्डेट धरतच नाहीत. आता जुलै 2025 च्या कायद्याने अन्नमदतीच्या म्हणजे स्नॅप योजनेच्या ऑफिसखर्चात केंद्राचा वाटा ऑक्टोबर 2026 पासून 50 टक्क्यांवरून 25 वर आणलाय. 10 राज्यांत ही योजना काउंटी पातळीवरची ऑफिसं चालवतात, मेरीलँडच्या शेजारचं व्हर्जिनिया त्यातलंच, म्हणजे फॉर्म तपासणाऱ्या क्लार्कच्या पगाराचा भार तिथल्या स्थानिक बजेटपर्यंत खाली येऊ शकतो. सीबीओच्या कागदात काउंटीवार हिशोब मिळत नाही, तो त्या त्या काउंटीला स्वतःच मांडावा लागतो. मेरीलँडच्या नोटेत कित्येकदा काउंटीचं नाव घेऊन आकडा असतो, म्हणून मला ही जास्त पसंत.

अर्धा स्टार का कापला तेही सांगतो. काही नोटांत लोकल इफेक्टमध्ये खर्च वाढेल, बराच वाढू शकतो, एवढंच असतं, आकडा नाही. भाचा म्हणतो मामा जे खात्रीने काढता येत नाही ते ते लिहीत नाहीत, आणि लेखापाल म्हणून मला ते पटतं, पण निदान इतक्यापासून इतक्यापर्यंत असं तरी द्यावं, बजेट बसवणाऱ्याला शून्य टाकून चालत नाही. दुसरं म्हणजे बिल बदललं की नोटही बदलते, वर रिव्हाइज्ड लिहिलेलं असतं, तेव्हा वाचताना आधी ते बघा नाहीतर जुनाच कागद घेऊन बसाल, मी पहिल्यांदा तसाच बसलो होतो.

वापरायला सोपी आहे, मेरीलँड जनरल असेंब्लीच्या साइटवर बिलाचा नंबर टाकला की बाजूलाच नोट मिळते, लॉगिन नाही, फी नाही, भाषाही साधी, कॉमर्सच्या पोराला सहज कळेल. नगरपालिकेत, जिल्हा पंचायतीत काम करणाऱ्यांनी एक तरी डाउनलोड करून बघा. मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या पोराला प्रिंट देऊन आलो, लोकल इफेक्टच्या परिच्छेदाखाली लाल पेनने रेघ मारून. त्याने ती कॅशबुकच्या आत ठेवलीय, आणि परवा फोन करून विचारत होता की बाबूजी, भोपाळला असा कागद मागायचा तर अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा. उद्या बसून दोघं लिहिणार आहोत.