मोठ्या अक्षरातला मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग), आईसाठी घेतला होता

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका छोट्या दुकानातून घेतला, आईला चष्मा लावूनही बारीक टाईप दिसत नाही म्हणून. अक्षर एकदम ठसठशीत, पण कागद पातळ आहे, मागच्या पानाची शाई दिसते आणि दोन महिन्यात शिवण सैल झाली, त्याचा एक स्टार कमी.

बाकी खरं सांगायचं ते वेगळंच. कळव्याच्या खोलीच्या हिश्श्यावरून मी आणि दादा तीन वर्षं बोलत नव्हतो. एका रात्री आईला लूक १५ म्हणजे लूकच्या पुस्तकातला पंधरावा अध्याय वाचून दाखवत होते, त्यात दोन भावांची गोष्ट आहे, धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याला लांबूनच बघून धावत जातो, गळ्यात पडतो, पोराने वाटेत ठरवून आणलेलं "मला चाकर ठेवा" हे वाक्य तर तोंडातच राहतं. लहानपणापासून ऐकलंय हे, पण मोठा भाऊ रागाने घरात यायलाच तयार नाही तिथे आले आणि माझा आवाजच बसला, कारण तो रुसलेला भाऊ म्हणजे मीच होते.

मग २ करिंथ ५, म्हणजे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. देवाने ख्रिस्ताद्वारे स्वतःच आपल्याशी समेट केला, म्हणजे पहिलं पाऊल त्याचं, आपण सुधारायची वाट बघत तो बसला नाही. आणि मत्तयच्या पुस्तकातला पाचवा अध्याय तर सरळच सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर.

रविवारी उपासनेआधी दादाला फोन लावला. "हं, बोल" एवढंच म्हणाला. हिश्श्याचं अजून तसंच आहे, पण आता तो दर आठवड्याला आईला बघायला येतो.

पक्क्या बांधणीची प्रत मिळाली तर तीच घ्या.